गोळी द्यायची की नाही

माझ्या वर्गात एका वेळी अठ्ठावन्न मुलं असतात, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी मागे कोण चुळबुळतंय ते मला बरोबर कळतं. गणिताची बाई म्हणून जळगावात माझा तेवढा दरारा आहे. आणि माझी स्वतःची लेक, वय वर्षं चार आणि वर आठ महिने, ताटावर सलग तीन घास बसत नव्हती. पहिला घास ओट्यापाशी, दुसरा सोफ्याच्या पाठीवर, तिसरा जिन्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या मेहरूण भागातल्या घरात भर दुपारी असायचा.

खरं सांगू? मला ती तशीच आवडायची. मीही घाईचीच बाई, माझं बोलणं ऐकताना लोकांना दम लागतो. लेक सकाळी डोळे उघडायची ती थेट उभीच. लोळणं नाही, आळोखेपिळोखे नाहीत, आणि पहिलं वाक्य अर्धं स्वप्नातलं, अर्धं अंगणातल्या मुंग्यांबद्दलचं. तिच्यामागे पळून पळून मी वैतागायचे, ओरडायचे, एकदोनदा हातही उचलला. तरी संध्याकाळी नवऱ्याला तिच्या करामती सांगताना मला भरतं यायचं.

मग बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, हेच मला जास्त लागलं. ही हुशार आहे, पण गोष्ट संपायच्या आत दाराबाहेर असते, असं त्या म्हणाल्या. मुलांना ढकलते ते रागाने नाही, मुलं वाटेत आली म्हणून. आणि फाटकाची कडी आता तिला काढता येते. एकदा चांगल्या डॉक्टरांना दाखवा. मी तोंडावर हसून घेतलं आणि घरी येऊन त्या बाईंच्या नावाने भांडी आपटली.

आठवड्याभरात रसवंतीचं झालं. रस्त्यापलीकडच्या रसवंतीचे घुंगरू वाजायला लागले, तिने माझ्या हाताला हिसडा दिला आणि पळाली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला तेव्हा चाकात आणि तिच्यात वीतभर अंतर होतं. पडून तिचा गुडघा फुटला. तिला त्याचं काहीच नव्हतं, ती रक्ताळलेल्या गुडघ्याने रस मागत होती. मी मात्र रस्त्यातच खाली बसले. शेजारी आणि सासरी आम्ही सांगितलं, खेळताना पडली.

जळगावात डॉक्टर नाहीत असं नाही, पण तिथल्या बाकड्यावर माझ्या शाळेतले पालक भेटले असते. म्हणून आम्ही धुळ्याला गेलो. लहान मुलांच्या मनाच्या त्या डॉक्टरबाई माझ्याहून वयाने लहान होत्या. त्यांनी लेकीला पाऊण तास खेळवलं, आम्हाला खोदून खोदून प्रश्न विचारले आणि दोन फॉर्म दिले, एक बालवाडीसाठी, एक घरासाठी. 'जागेवर बसत नाही', 'सांगितलेलं ऐकून घेत नाही' अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे चार चौकटी: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. पंधरा दिवसांनी दोन्ही भरून आणायचे होते.

माझे सासरे, बठ्ठे म्हणजे सगळेच त्यांना नाना म्हणतात, शिंदखेड्याजवळच्या गावी शेती करतात, आणि साऱ्या भाऊबंदांत त्यांचं अक्षर प्रसिद्ध आहे. आमच्या भावकीतल्या एकाही पोरीचा लग्नाचा बायोडाटा आजवर दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही. त्या पंधरवड्यात ते आमच्याकडे राहायला होते. माझे पेपर तपासायचे चालू होते, नवरा शेतांत ठिबकच्या नळ्या बसवायच्या कामाने गावोगाव फिरत होता. मी फॉर्म नानांच्या हातात दिला आणि म्हटलं, जसं आहे तसं भरा. त्यांनी चष्मा पुसून सगळी दुपार त्यात घातली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात डिंकाने चिकटवलेलं पाकीट आलं, वर ठळक अक्षरात 'श्री गणेश प्रसन्न'. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पंधरा दिवसांनी धुळ्याला नानाही आले. डॉक्टरबाईंनी आधी बालवाडीचा फॉर्म पाहिला. सगळ्या खुणा शेवटच्या दोन चौकटींत. मग आमचं पाकीट फोडलं. वरपासून खालपर्यंत 'कधीच नाही', पट्टीने आखल्यासारखं. आणि खाली उरलेल्या जागेत, सुंदर अक्षरात: 'मुलगी शांत, सुस्वभावी, मनमिळाऊ. रंग गोरा. घरकामाची आवड.'

मला हसू फुटत होतं आणि कानशिलं तापली होती. पावणेपाच वर्षांच्या पोरीला घरकामाची आवड! डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा त्रास घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावा लागतो. या कागदाप्रमाणे घरी काहीच नाही, मग मी पुढे कशी जाऊ? त्या हे बोलत असताना शांत, सुस्वभावी मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर चढून पडद्याला लोंबकळत होती.

नाना निर्धास्त बसले होते. त्यांच्या हिशोबी पोरीच्या नावाचा कागद कधी ना कधी कुणाच्या तरी हातात पडणारच, मग झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागाच्या भरातच मी बोलून गेले. फाटकाची कडी, रिक्षा, वीतभर अंतर, मी उचललेला हात, सगळं. नाना हे पहिल्यांदाच ऐकत होते. ते टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"बाई, ते बठ्ठं खोटं शे," ते शेवटी म्हणाले. "पोरनी जात, म्हणीसन तसं लिखं. मनं चुकनं. दुसरा कागद द्या."

दुसरा फॉर्म आम्ही तिघांनी तिथेच भरला. मी 'बऱ्याचदा' म्हटलं की नाना 'नेहमी' म्हणायचे. आता त्यांना एकदम खरं बोलायचा उत्साह आला होता आणि पडदा ओढल्याचाही त्यांनी तोंडी पुरावा दिला.

एडीएचडी, डॉक्टरबाई म्हणाल्या. मी विचारलं, मग गोळी? त्यांनी मान हलवली. इतक्या लहान वयात आधी गोळी नाही, आधी आईबाप. दहा आठवडे दर शनिवारी आम्ही दोघांनी शिकायला यायचं. पंधरा वर्षं शिकवणाऱ्या मला शिकायला! एक संध्याकाळ मी फणफणले, आणि मग त्याचा मला असा नाद लागला की नवराच म्हणायला लागला, आता जरा दम घे.

कारण ते चालत होतं! आजवर मी एका दमात सांगायचे, पसारा आवर, हात धू, जेवायला ये, आणि ती पहिल्याच कामाला हरवून जायची. आता मी जवळ जायचे, तिच्या उंचीला बसायचे, एकच गोष्ट सांगायचे, आणि केल्याबरोबर तिथल्या तिथे शाबासकी. ज्या सकाळी तिने दोन्ही बूट वाटेत कुठेही न भटकता घातले, त्या सकाळी मी नवऱ्याला फोन केला. तो कुणाच्या तरी केळीत उभा होता. त्याने ती बातमी शेतमालकाला सांगितली, आणि त्या भल्या माणसाने विचारलं, पोरीच्या पायाला काही झालं होतं का? जेवणाचा प्रश्न तर मी एका दिवसात सोडवला. बसूनच जेवलं पाहिजे असं सांगितलंय कुणी? ती ओट्यापाशी उभी राहून आख्खी भाकरी खायला लागली. बालवाडीच्या बाईंनी तिला खडू वाटायचं काम दिलं. मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं, आणि एक दिवस डबाभर शेव देऊन उघडपणेही.

पण रस्ता तसाच राहिला. त्या दहा आठवड्यांत ती आणखी दोनदा सुटली, एकदा बाजारात, एकदा बालवाडीच्या फाटकातून. दुसऱ्या वेळी एका भाजीवालीने तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं. माझी सगळी विद्या मी तिच्याजवळ उभी असेन तोवरची होती. तिचे पाय आणि गाडीचं चाक यांच्यामध्ये शाबासकीला वेळच नव्हता.

तेव्हा डॉक्टरबाईंनीच गोळीचा विषय काढला. आडपडदा काही ठेवला नाही. या वयात मोठ्या मुलांइतका गुण येईलच असं नाही, आणि भूक, झोप, रडू यांचा त्रास जास्त होतो. म्हणून अगदी कमी मात्रा, बारीक लक्ष, आणि तुम्ही थांबवा म्हणालात की थांबवू. तुम्ही ठरवा.

ठरवायला काय, सगळा खानदेश तयार होता. मोठी जाऊ म्हणाली सवय लागेल. स्टाफरूममध्ये एकीने डोक्याला लावायचं तेल सांगितलं. रावेरहून माझी मावशी रोज फोन करून पोरगी मठ्ठ होईल असं बजावायची. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे. नवरा एका वाक्यात हो म्हणाला, कारण त्या भाजीवालीला तो स्वतः भेटून आला होता. आणि मी, ज्या बाईने सगळ्यांसमोर खरं बोलायचा तोरा मिरवला, ती अडून बसले. माझी भीती वेगळी होती आणि मला ती सांगायची लाज वाटत होती. सकाळी उभ्यानेच उठणारी ती पोर, तिची ती मुंग्यांची बातमी, ते मला हवं होतं. ते गेलं आणि एक शहाणी, गप्प मुलगी घरात उरली तर? म्हणजे तिचा जीव धोक्यात होता आणि मी माझी गंमत जपत होते. हे मला कळत होतं, तरी होकार तोंडातून निघत नव्हता.

पुढच्या भेटीला नाना गावाहून थेट धुळ्याला आले. आम्ही दोघं आपापलं बोलून थकलो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बाई, गोळी खाईसन मनी नात हासी ना?"

"हसलीच पाहिजे, नाना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाही हसली तर मात्रा चुकली. त्याच दिवशी मला फोन करायचा."

मला जे विचारायची लाज वाटत होती ते म्हाताऱ्याने सरळ विचारलं होतं. मी हो म्हटलं, आणि म्हणताना मला रडू आलं.

पहिली गोळी रविवारी सकाळी नाश्त्यानंतर, केळ्याच्या फोडीत. नाना मुद्दाम आले होते. आम्ही तिघं तिच्याभोवती, गॅसवर दूध तापत ठेवून बघत राहावं तसे उभे. तासाभराने ती खाली बसली. वही घेतली. चाळीस मिनिटं, हो, मी घड्याळ लावलं होतं, ती चित्र काढत होती. एकच चित्र! नवऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं, मला गल्लीत जाऊन ओरडावंसं वाटत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिने सकाळपासून एकही प्रश्न विचारलेला नाही.

नाना तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा एक हुकमी खेळ आहे. ते दातांची कवळी जिभेने पुढे ढकलतात आणि खटकन आत घेतात. यावर ती हसून जमिनीवर लोळली नाही असं कधी झालेलं नाही. तिने पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा वहीत रंग भरायला लागली. नानांनी कवळी नीट बसवली.

"नही हासनी," ते मला म्हणाले. "फोन लाव."

मी तिथल्या तिथे फोन लावला. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवसापासून मात्रा निम्मी केली. त्या निम्म्यावर तिसऱ्या दिवशी बालवाडीच्या बाईंचा फोन आला की आज तिने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. त्याच संध्याकाळी ती गोष्ट तिने नानांना फोनवर सांगितली, शेवट बदलून, मधे मधे खिदळत. जादू झाली नाही, हे सांगून ठेवते. दुपारचा डबा तसाच परत येतो आणि रात्री ती पाहुण्यासारखी चापून जेवते. चारच्या सुमाराला कुरकुर करते. दर पंधरा दिवसांनी आम्ही तिचं वजन करतो, बूट अजून कधी कधी एकच सापडतो, आणि सकाळी ती अजून उभ्यानेच उठते.

दीड महिन्याने आम्ही दाखवायला धुळ्याला गेलो. नाना नेहमीप्रमाणे तिथे आलेच होते. बाहेर पडताना मी फाइल पिशवीत घालत होते, नवरा औषधं घेत होता. हात कुणाचाच तिच्या हातात नव्हता. मी मान वर केली तेव्हा ती पळत होती. तोच वेग, त्याच उडणाऱ्या वेण्या, समोर वाहता रस्ता.

ती रस्त्याच्या कडेला पोचली आणि थांबली. तिला कुणी हाक मारली नव्हती, कुणी धरलं नव्हतं. मागून नाना धोतराचा सोगा सावरत, तिला पकडायच्या घाईत, इकडेतिकडे न बघता थेट डांबरावर उतरायला निघाले होते. तिने दोन्ही हात आडवे करून त्यांचे पाय अडवले.

"नाना, थांब," ती म्हणाली. "गाडी ई राहिनी."

ट्रक गेला. नानांची टोपी वाऱ्याने खाली पडली होती आणि ते आहेत तिथेच उभे होते. ते किती घाबरले ते बघून ती पोट धरून हसत होती.