संग्रहात काय बसतं

आमच्या डिपार्टमेंटचे चार जण चहाला बसले, की कुणी कुठली वस्तू कशी मिळवली याच्या गोष्टी निघतात. बाकीचे सांगतात आणि हसतात. माझ्या गोष्टी जालना जिल्ह्यातल्या. त्या सांगताना मी कपाकडं बघतो.

पुण्यातल्या एका समकालीन कलेच्या म्युझियममध्ये मी नोकरीला आहे. वस्तू शोधायची, तिच्यावर टिपण लिहायचं, समितीपुढं ठेवायची. समिती हो म्हणाली, की वस्तू संग्रहात. मी मूळचा जालना जिल्ह्यातल्या आष्टीचा, म्हणून मराठवाडा माझ्या वाट्याला आला.

*

पहिल्याच दौऱ्यात आष्टीच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींचं छप्पर दिसलं. खताची पोती, जुने बॅनर, साडीचे तुकडे, सगळं हातानं जोडलेलं. मी दोन पानी टिपण लिहिलं, त्यात ‘निवाऱ्याचं राजकारण’ असे शब्द घातले. समिती खूश.

मी ते न्यायला गेलो तेव्हा मे महिना होता. मावशींनी गाठी सोडून छप्पर काढून दिलं. बदल्यात द्यायची नवी ताडपत्री मी पुण्यातच विसरलो होतो. बाजार उठेपर्यंत त्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर पदर धरून बसल्या.

निवाऱ्यावर दोन पानं मीच लिहिली होती.

*

केदारखेड्याच्या कौसाबाईंकडून गोधडी घेतली. आमच्याकडं नियम असा, की कापडाची वस्तू आली की आधी प्लास्टिकमध्ये सील करायची आणि काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची, म्हणजे कीड असेल तर मरते. हे मी त्यांना फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं.

“आमच्या घरात किडे हैत, असं कोण म्हणलं तुम्हाला?”

मी म्हणालो, नियम सगळ्यांनाच आहे, परदेशातून आलेल्या वस्तूलाही.

“मी दोन पाण्यातून काढून, वाळवून दिल्ती, बाबा,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

त्याच गोधडीचं पुढं प्रदर्शन झालं. कॉम्प्युटरला आडनावाशिवाय नाव चालत नव्हतं, आणि कौसाबाईंचं आडनाव मी विचारलंच नव्हतं. म्हणून पाटीवर छापून आलं, ‘कलाकार : अज्ञात’. मी ती पाटी न वाचताच फोटो काढून त्यांच्या सुनेला पाठवला.

दहा मिनिटांत तिचा फोन. “अज्ञात म्हंजे कोण हो? गोधडी तर आमच्या सासूबाईची है.”

*

शाळेत मला चित्रकला शिकवणारे सर निवृत्तीनंतर पिंपळगाव रेणुकाईला, आपल्या गावी राहतात. तोडून टाकलेल्या मोसंबीच्या बागेचं एक मोठं तैलचित्र त्यांनी म्युझियमला भेट दिलं. भेटही समितीपुढं जाते. समिती म्हणाली, चित्र चांगलं आहे, पण आपल्या संग्रहात बसत नाही. मी तिथंच होतो. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. माझ्या तोंडून निघून गेलं, “घेतलं, सर.”

चित्र मी घरी आणून हॉलमध्ये लावलं. बायकोला सांगितलं, सरांनी मला दिलंय. तिकडं सरांनी अख्ख्या गावाला सांगितलं, की चित्र म्युझियममध्ये आहे.

पुढच्या वर्षी ते पुण्याला लग्नाला आले, काकूंना घेऊन. माझ्या बायकोनं परस्पर त्यांना जेवायला बोलावलं आणि मग मला ऑफिसात फोन केला. मी धावतपळत घरी पोचलो तेव्हा ताटं वाढली होती. सर चित्राकडं तोंड करून बसले होते. काकू कधी चित्राकडं, कधी माझ्याकडं बघत होत्या.

“आवो, हे तर म्युझियमात ठेवल्तं ना?” त्यांनी सरांना विचारलं. “मंग इथं कसं काय?”

मला बसताही येईना.

सर माझ्याकडं न बघता म्हणाले, “साफ करायला आणलंय त्यानं घरी. आणावं लागतं अधूनमधून. लई नाजूक काम असतंय ते.”

आणि त्यांनी भाकरी मोडली.