झोपाळ्याच्या कड्या

गणेश चतुर्थीला घराला कुलूप लावून जाणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो माझा साडू आहे. त्या कुलपासमोर उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन सहकुटुंब उभा राहणाराही एकच निघेल, तो मी. यंदा आपला गणपती साखरचौथीला बसणार, असं साडूंनी घरच्या ग्रुपवर आधीच कळवलं होतं. मी ते न वाचताच हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा झालो होतो. खालापुराहून घामाघूम होऊन भिसेगावला पोचलो, तर शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अवो, ते कुठं हायत? पोरीची स्पर्धा हाय ना. गणपती पुढच्या चौथीला आणतील." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मोदकांकडे पाहिलं.

आमच्या भागात सुतक आलं, कोणी आजारी पडलं, तर गणपती पुढच्या संकष्टीला, म्हणजे साखरचौथीला बसवतात. काही घरांत तर पिढ्यान्‌पिढ्या तो तेव्हाच येतो. पण दोरीच्या मल्लखांबासाठी देवाला थांबवणारे साडू पहिलेच. फोनवर विचारलं तर म्हणाले, "देवाची तारीख पुढे जाते हो. स्पर्धेची नाही जात."

त्यांची मुलगी तनू तिसरीत असताना शाळेच्या शिबिरात दोरीला लटकली, आणि साडू तेव्हापासून खाली उतरलेलेच नाहीत. कारखान्यात कायमची पहिली पाळी मागून घेतली. रोज संध्याकाळी पाच वाजता स्कूटरवरून तिला खोपोलीच्या वर्गाला नेणार आणि दाराशी बसून मान वर करून बघत राहणार. शेवटी मानेला पट्टा लागला तो त्यांच्या, तनूच्या नव्हे. बोलणं सगळं दोघांच्या वतीने. "आमचा खांदा जरा धरलाय." "आम्हाला गूळ चालत नाही." पोरीचं मन चळू नये म्हणून घरातली कढई माळ्यावर गेली. माझ्या मेव्हणीला भजी खायची झाली तर ती आमच्याकडे येते, आणि जाताना वास जावा म्हणून बडीशेप चावत जाते. लग्नाला गेले तर साडू नवरीकडे बघत नाहीत, मांडवाचा आडवा वासा बघतात. आमच्या वास्तुशांतीला लोक फरशी बघत होते. हे स्टुलावर चढून पंख्याची कडी ओढून बघत होते. "कडी चांगली आहे," म्हणाले. घराबद्दल तेवढंच बोलले.

त्यांच्या स्वतःच्या घरात कड्या होत्याच, झोपाळ्याच्या. माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला सागवानी झोपाळा. मेव्हणी संध्याकाळी त्यावर बसून भाजी निवडायची. तो उतरला, एका कडीला दोर आला, फळी दाराआड उभी राहिली आणि मेव्हणी ओट्याशी उभ्याने भाजी निवडायला लागली. जेवण म्हणजे तनू वर्गाच्या आधी, साडू वर्गाहून आल्यावर, मेव्हणी भांडी घासायच्या आधी. तिघं एका पंगतीला बसायची ती वर्षातून एकदा, गणपतीच्या नैवेद्याला. यंदा तोही दिवस पुढे ढकललेला.

साखरचौथीला आम्ही गेलो, या वेळी मेसेज दोनदा वाचून. बघतो तर दोर गायब. झोपाळा टांगलेला आणि त्यावर जास्वंदीचा हार घालून गणपती बसलेले. साडू भटजींना आणायला गेले तेवढ्यात मायलेकींनी हा उद्योग उरकला होता. भटजींना आणखी घरं करायची होती. त्यांनी आल्या आल्या प्रतिष्ठा करून टाकली. आता विसर्जनापर्यंत देव हलवता येत नव्हता.

"आम्ही सराव कुठे करायचा?" साडूंनी विचारलं. "निवड चाचणी तोंडावर आलीय."

"देवाला विचारा," मेव्हणी म्हणाली.

दीड दिवस ते झोपाळ्याभोवती घिरट्या घालत होते. आपल्या खुर्चीवर दुसरा कोणी येऊन बसावा आणि त्याला ऊठ म्हणता येऊ नये, तसे गणपतीकडे बघत होते. नैवेद्याचं पानही त्यांनी उभ्याउभ्याच संपवलं.

दुसऱ्या दिवशी उल्हास नदीवर विसर्जन झालं. पाटावर मूठभर वाळू घेऊन परतलो, पाट देव्हाऱ्यापुढे ठेवला, आरती झाली, आणि साडू आतून दोर घेऊन आले. तोवर झोपाळ्याच्या मध्यावर मेव्हणी बसली होती. तिला चिकटून तनू, हातात मोदक. गुळाचा.

"उठा," साडू म्हणाले.

"तिला नकोय," मेव्हणी म्हणाली.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून सांगतेय, बाबा," तनू भरल्या तोंडाने म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आपल्याला कंटाळा येत नाही."

मला वाटलं, आता आवाज चढणार. चढला नाही. साडू होते तिथेच जमिनीवर बसले आणि दोर मांडीवर घेऊन गुंडाळू लागले. इतकी वर्षं ही मान वर असायची; त्यांच्या टाळूवरचे केस गेलेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दोराकडेच बघत ते म्हणाले, "मग पाच वाजता मी काय करू?"

कड्या तेवढ्या कुरकुरत होत्या.

परतताना मी बायकोला म्हटलं, "सुटली पोर." चौकात आल्यावर ती म्हणाली, "पोर सुटली हो. पण ताईने झोपाळ्यावर दुसऱ्या बाजूला जागा ठेवली होती, पाहिलीत? भावजी खालीच बसले."