गालावरची चिंधी

अंधेरीच्या ज्या लेथ वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळायचो, तिथे मशीन पुसायच्या चिंध्या कांदिवलीहून एक वहिनी आणायच्या. तेलकट झालेल्या घेऊन जायच्या, धुऊन परत द्यायच्या. गाठोडं उतरलं की त्यातली कुठलीही एक चिंधी ओढायच्या, स्वतःच्या गालावर खसाखसा घासायच्या आणि मगच फोरमनला म्हणायच्या, "घ्या." धुतल्यावरही चिंधीत लोखंडाचा कीस राहिला तर तो कामगाराच्या हातात घुसतो, म्हणून ही तपासणी.

वहिनी आपल्या मालवणी बोलीत सांगायच्या, "माझी आजेसासू डोक्यावरून गाठोडी न्यायची. सासूनं हातगाडी केली. माझ्या हातात टेम्पो आसा, धुवायला मशीन आसा. पण मशीनाक गाल खंय आसा?"

गिरण्यांच्या संपात नोकरी गेल्यावर त्यांचा नवराही याच धंद्यात आला होता. टेम्पो तो चालवायचा, हिशेबाचं बोलणं मात्र वहिनींचंच.

एकदा चिंधी घासताना त्यांच्या गालावर रक्ताची बारीक रेघ उमटली. त्यांनी सगळी गाठोडी परत टेम्पोत चढवायला लावली. फोरमन वैतागला.

"दुपारपाळीला पुसायला काय देऊ? असं केलंत तर माल दुसऱ्याकडून घेईन, सांगून ठेवतो."

"घेवा. फक्त त्याका आधी गालार घासूक सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो दारात उभा. वहिनींच्या गालावर चिकटपट्टी होती. फोरमन स्वतः गाठोडं उतरवायला पुढे झाला.

"आज राहू द्या, वहिनी," तो म्हणाला.

त्यांनी चिंधी ओढली आणि दुसऱ्या गालावर घासली.