साडूंनी उघडलेलं फाटक

आमच्या साडूंइतका त्रासदायक चांगला माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसेल. माणूस वाईट असला म्हणजे त्याचा राग करायची सोय असते. साडूंनी तीही ठेवली नव्हती. मी मोठा जावई, तहसील कचेरीत उर्दूतून कागद लिहिणारा. ते धाकटे, दोन बैलांची शेती करणारे. पण चकलांब्याला आमच्या सासुरवाडीत ते आले, की बंद पडलेली घड्याळं आणि कुलपं घेऊन अर्धं गाव ओसरीवर जमायचं. मी आलो की सासूबाई पाण्याचा तांब्या ठेवून आत जायच्या.

साडूंच्या तऱ्हा तरी किती सांगाव्यात! गावातल्या माणसांना ते सरळ 'बे' म्हणत आणि यंत्रांशी मात्र अदबीनं, अहो-जाहो करून बोलत. काढलेले स्क्रू पानाच्या डब्यात सुपारीशेजारी ठेवत. एकदा त्यांचा विडा चावताना एका पाहुण्याचा दात हलला, तेव्हा त्यांनी आधी स्क्रू शाबूत आहे का ते पाहिलं. बॅटरीत जोर आहे की नाही हे ते तारा जिभेला लावून ठरवत आणि वरणाची चव घेतल्यासारखी मान हलवत म्हणत, "जरा आंबूस हाय, पर चालंल." लोक हसत, मलाही हसू येई आणि आपण हसलो याचाच मग राग येई.

सासरे जमीनदार. हैदराबादेहून परतताना त्यांनी एकदा विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी आणली. गावात वीज नव्हती आणि खरी आगगाडीही फारशी कुणी पाहिलेली नव्हती, पण बॅटऱ्यांवर ही गाडी माजघरभर फिरे. सगळ्यांचा जीव मात्र तिच्या रुळांवर आडव्या येणाऱ्या फाटकात. लाकडी पेटीवरचा खटका दाबला की ते आपोआप वर उठे. त्या वर्षी खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांबरोबर त्या पेटीचीही पूजा झाली. मान मोठ्या जावयाचा, म्हणून मी ती केली आणि ओलं कुंकू अगदी सढळ हातानं वाहिलं.

पुढं अधिक महिन्यात रीतीप्रमाणे आम्हा दोघा जावयांना धोंडे खायला बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर फाटक उठेना, आणि त्या दुःखात सासरे जेवायला उठेनात. त्यांनी जाहीर केलं, जो फाटक उघडील त्याचा पाट आज पहिला. लग्न झाल्यापासून तो पाट माझा होता. मी घाम गाळून तारा सोडल्या, पुन्हा बांधल्या, खटक्यात करडईचं तेलही सोडलं. फाटक ढिम्म. शेवटी मालच कच्चा आहे असं सांगून मी मोकळा झालो.

मग सासऱ्यांनी साडूंना हाक मारली. ते उकिडवे बसले, "कावून रुसलात, साहेब?" असं पेटीला विचारून त्यांनी तिचा तळ उघडला. मी शेजारीच होतो, म्हणून मला दिसलं. खटक्याखालच्या पितळी पट्ट्यांवर माझं कुंकू थापून बसलं होतं आणि माझ्याच तेलात त्याचा लाल चिखल झाला होता. साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पूजा कुणी केली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एक शब्द निघाला असता तर पाट गेलाच असता, वर जन्मभराचं हसं झालं असतं.

साडूंनी आतून चिंच मागवली, देवाची भांडी घासावीत तशा पट्ट्या घासल्या, आपल्या पांढऱ्या उपरण्यानं कोरड्या केल्या आणि लाल डाग आत घेऊन उपरणं दुमडलं. खटका दाबला. फाटक उठलं.

काय बिघडलं होतं, असं सासऱ्यांनी विचारलं.

"तार ढिली झालती, मामा. निम्मी तर दादांनीच आवळलती, म्या नुस्ता हात लावला. पाट दादांचाच."

मी त्या पाटावर बसलो. पानातले धोंडे तुपात बुडाले होते आणि मी त्यातला एकच बोटांनी चिवडत होतो. शेजारी साडू दुमडलेलं उपरणं मांडीवर ठेवून मजेत जेवत होते. हात यांचाच चांगला आणि मनही यांचंच मोठं, मग माझ्या वाट्याला उरलं काय? त्या दिवशी मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

नातेवाईक अजून सांगतात की ते फाटक दोघा जावयांनी मिळून उघडलं. साडूंच्या तेराव्याला मी खरं काय ते सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. पण पंगत बसली, कुणीतरी हाताला धरून मला पहिल्या पाटावर बसवलं आणि मी जेवून परतलो.