श्वास होता तेव्हाचं उत्तर

"बोललो म्हणजे बोललो," असं म्हणून माझे कचेरीतले मित्र दोन्ही तळवे झटकायचे. विषय संपला. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा चहा मागवलेला बरा.

नवं राज्य झालं तेव्हा आम्ही दोघं भोपाळहून रायपूरला आलो. कचेऱ्यांना जागा नव्हती. एका जुन्या इस्पितळाच्या खोल्यांत आमची टेबलं मांडली होती. बाकीचे परत बदली व्हावी म्हणून खटपटी करत होते. यांनी लगेच चौबे कॉलनीत घर पाहिलं. मूळचे वर्ध्याकडचे. "आता हेच गाव," म्हणाले.

काही वर्षांनी तेच तळवे वाळायला लागले. आधी सही बिघडली, मग शर्टाची बटणं लागेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकेक स्नायू जाणार, शेवटी श्वासाचेही. तेव्हा गळ्यात नळी घालून घरीच मशीनवर ठेवता येईल, पण मग ते कायमचं.

त्यांनी वहिनींना आणि मला समोर बसवलं. "नळी घालायची नाही. मले मशीनच्या दावणीले बांधू नका."

मुलगी हिंदीत म्हणाली, "पापा, हमारे लिए भी नहीं?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढं वहिनी तो नकार पचवत राहिल्या. देवासमोर रडायच्या, डोळे पुसून त्यांना वरण-भात कालवून भरवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आता माझीबी तयारी झाली, भाऊजी."

एका दुपारी त्यांचा श्वास अडकला. इस्पितळात तोंडावर मास्क लावला, पण तो पुरेना. नळी घालायची का, डॉक्टरांनी विचारलं. वहिनी ठरल्याप्रमाणे नाही म्हणणार, तोच मास्कच्या आतून आवाज आला, "घाला."

वहिनी पाहतच राहिल्या. "तुम्ही तर नाही म्हणले होते."

"तेव्हा... श्वास होता... माझ्याजवळ."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. नळी घातल्यावर आवाज गेला.

घरी पलंगाशेजारी मशीन आलं, इन्व्हर्टर आला. उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ नको म्हणून खिडक्या बंद. नळीतला कफ वहिनी पुन्हा पुन्हा ओढून काढायच्या. सलग झोप त्यांना कधी मिळालीच नाही. मी पेपर वाचून दाखवायचो. डोळे मिटले म्हणजे हो, असं ठरलं होतं. एकदा न राहवून विचारलं, नळी घातली ते बरं झालं का? त्यांनी डोळे मिटले. पण ते बराच वेळ उघडलेच नाहीत, आणि कडेनं पाणी आलं.

थंडीतल्या एका सकाळी गेलो, तर वहिनी त्यांची दाढी करत होत्या. मुलीच्या सासरचं काहीबाही सांगत होत्या. मी मित्राचा हात हातात घेतला. गार होता. नाडी लागेना.

"वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "छाती हालून राहिली ना."

हालत होती. मशीन हवा भरत होतं.

कॉलनीतले डॉक्टर आले, तपासलं आणि मान हलवली. मशीन बंद करायला मी पुढं झालो, तर वहिनींनी मला अडवलं. आधी उरलेली दाढी पुरी केली. गालावरचा साबण पदरानं टिपला. मग बटण त्यांनीच दाबलं.

छाती खाली गेली. ती पुन्हा वर येते का, हे त्या कितीतरी वेळ पाहत बसल्या.