आठ दिवसांचा अर्ज

तलाठी म्हणून पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. महामार्गाच्या रुंदीकरणासाठी खापर गावाच्या बाजूला अतिक्रमणाच्या नोटिसा वाटायच्या होत्या. पहिल्या घरात म्हातारी चूल फुंकत बसली होती. मी सरळ कागद तिच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, इथं अंगठा करा. तिने फुंकणी उचलली. ती आता चुलीसाठी नाही, एवढं कळण्याइतका मी शिकलेलो होतो.

सोबतच्या कोतवालांनी मला बाजूला केलं, चपला काढल्या आणि जमिनीवर मांडी घातली.

“पहिले पानी, मंग कागद, भाऊसाहेब.”

म्हातारीने तांब्या दिला. पाणी पिऊन झालं, सुनेची आणि म्हशीची चौकशी झाली, मग त्यांनी तिला सगळं समजावलं. म्हातारी रडली, पण अंगठा दिला.

कोतवाल म्हणजे तलाठ्याचा गावातला हरकाम्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, निरोप सरकारचा नेतात आणि शिव्या गावाच्या खातात. यांना मात्र कोणी शिवी देत नसे. साठीला टेकलेले, सारा गाव त्यांना आबा म्हणायचा. वीस घरं म्हणजे वीस तांबे. दुपारपर्यंत मी आडोसा शोधत फिरायचो आणि आबा पुढच्या घरी मांडी घालून बसलेले असायचे.

रस्त्याच्या रेषेत गावदेवाचा ओटाही येत होता. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. मी उभा राहून शासन निर्णय वाचला. दुसऱ्या पानापर्यंत निम्मी सभा विडी ओढायला बाहेर गेली. आबा त्यांच्यात जाऊन बसले आणि एवढंच विचारलं, की देवाला कोणत्या वारी हलवायचं ते तुम्हीच सांगा. ठराव झाला. देवाला पंधरा दिवस मिळाले आणि तो वाजतगाजत नव्या जागी गेला.

शेवटी एकच नोटीस उरली. ती आबांच्या घराची होती. त्यांना ते ठाऊक होतं; गठ्ठ्यात रोज तेच ती तळाशी सरकवत होते. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि हात पुढे केला. सही करून खिशातून एक अर्ज काढला.

“आठ दिन द्या, भाऊसाहेब. पोरनं लगीन शे. इनी मायनं आंगन शे हाई. आठे लगीन लायी देसू, मंग मीच कौलं उतारसू.”

पोरीची आई ती लहान असतानाच गेली होती; इथे तिच्याच अंगणात लग्न लावून मग आबा स्वतः कौलं उतरवणार होते. मी म्हणालो, काळजीच सोडा, उद्याच साहेबांची सही आणतो. अर्ज बॅगेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्याच्या वास्तुशांतीला सुरतेला गेलो. तीन दिवस राहिलो, बासुंदीच्या चार वाट्या रिचवल्या. बॅग घरी खुंटीला होती.

जेसीबी त्याच तीन दिवसांत आला. आबांनी पथकाला सांगितलं, अर्ज दिला आहे. फायलीत अर्ज नव्हता. कोणाकडे दिला, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. स्वतः आत जाऊन भांडी बाहेर आणून ठेवली.

मी परतलो तेव्हा घराच्या जागी खडी पडली होती. काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, “ऱ्हायी जास, भाऊसाहेब. कामनी घाई शे.”

राहून जातं म्हणे; त्यापेक्षा त्यांनी फुंकणी घातली असती माझ्या डोक्यात तर बरं झालं असतं.

लग्न शेजारच्या अंगणात लागलं. मी आणि बायको गेलो होतो. निघताना नवरीने आपल्या घराच्या भिंतीवर कुंकवाचे हात उमटवायचे असतात. पोरीचे हात ओले झाले आणि ती तशीच उभी राहिली. परक्या भिंतीवर कसे उमटवणार? तेव्हा आबा तिच्यापुढे आले आणि पाठ करून उभे राहिले. नवा पांढरा सदरा होता. “थाप, बेटा,” म्हणाले. तिने दोन्ही हात पाठीवर ठेवले, आणि ते काढायला तिला फार वेळ लागला.

त्याच हिवाळ्यात आबा गेले, भाड्याच्या खोलीत. दहाव्याला आम्ही गेलो. पोरगी सासरहून आली होती, संध्याकाळच्या जीपने परत निघाली. खोली मालकाने दुसऱ्याला दिली होती.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या लेकींना घ्यायला माहेरचं माणूस जातं. दहाव्याहून आम्ही मोटरसायकलवर घरी आलो. कुलूप काढताना बायको म्हणाली, “आते आखाजीले तिले लेवाले कोन जाई?”