दादाच्या नावाचा इको

मी बातम्या लिहिणारा माणूस. चिंचवडच्या एका छोट्या दैनिकात बरीच वर्षं काढली. कळलं की सांगून टाकायचं, हाच धंदा. तरी ही एक गोष्ट माझ्या तोंडून कोणासमोर बाहेर पडलेली नाही — बायकोसमोर नाही, आईसमोर नाही. माझ्या थोरल्या भावाला तिच्यातली अर्धी ठाऊक आहे. उरलेली अर्धी त्यालाही नाही.

क्रमाने सांगतो. क्रमाने सांगणारा माणूस कमी लपवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. खरं असेल का ते?

दादा चाकणच्या एका कारखान्याची बस चालवायचा. बस ठेकेदाराची. दादाचा देह आडवा, मान आखूड, आणि घोरणं असं की पाहुणे अंथरूण उचलून ओसरीवर जायचे. घोरता घोरता मध्येच त्याचा श्वास थांबायचा, मग धक्का बसल्यासारखा परत सुरू व्हायचा. घरात या सगळ्याची थट्टा चालायची. मी तर त्याची नक्कल करून दाखवायचो — श्वास थांबतो ती जागासुद्धा. लोक तिथेच जास्त हसायचे.

मग एका सकाळी तळवड्याजवळ बस दुभाजकाला घासत गेली. कोणाला लागलं नाही. आत रात्रपाळी करून निघालेले कामगार होते. एक जण म्हणाला, "भाऊ, रातभर जागलो आमी, आन् झोपलात तुमी." सगळे हसले. दादाही हसला. ठेकेदार हसला नाही. त्याने दादाला तपासणीला धाडलं. निदान झालं — झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन खाली जातो. झोपताना नाकावर मास्क लावायचं मशीन सांगितलं. आणि इतकी वर्षं हे चाललंय तर हृदयावर ताण आला आहे का, ते बघायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इको ठीक आला तर मशीन लावून बस चालू. नाही आला तर बस बंद.

जिना चढताना दादाला धाप लागायची. हे त्याला माहीत होतं. मलाही होतं.

कल्पना माझी. हे स्पष्ट लिहितो, कारण मनातल्या मनात मी ती कायम त्याच्यावर ढकलत आलो. त्याच्या आधार कार्डावरचा फोटो जुना, अंगाने बारीक होता तेव्हाचा — हुबेहूब मी. मी म्हणालो, तुझ्याऐवजी मी जातो. त्याने कार्डावरचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आरं, तू बी कामाचा निघालास की."

का केलं? घरात मी कागद काळे करणारा होतो. शेत त्याने पाहिलं, शेत गेल्यावर टेम्पो, मग बस. माझं शिक्षणही त्यानेच ओढलं. पहिल्यांदाच त्याला माझी गरज पडली होती आणि मला ते आवडलं — फार आवडलं. बसमधल्या माणसांचा विचार मनात आला का? नाही आला.

पिंपरीच्या त्या केंद्रात गर्दी होती. दादाच्या नावाने पुकारा झाला, मी उठलो. शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपलो. छातीवर गार जेल, मग बरगड्यांच्या मधे दाबून धरलेला तो गुळगुळीत ठोकळा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं. म्हणाले, "चित्र छान स्वच्छ येतंय. घोरणाऱ्या लोकांचं एवढं साफ मिळत नाही."  जाता जाता त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला — कौतुकाने. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. वर कोपऱ्यात दादाचं नाव.

तुम्हाला वाटेल, झालं, कबुली संपली. मलाही बरेच दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं. फसवणूक ठेकेदाराची, आणि दोन भावांच्या संमतीने. एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

दादा बसवर परत गेला. मशीन आणलं, दोन-चार दिवस लावलं, मग मास्क खिळ्याला टांगला. आणि एक गोष्ट झाली, जी मी धरली नव्हती — त्याला तो रिपोर्ट खरा वाटायला लागला. वहिनी मशीनवरून बोलली की तो कपाटातून फाइल काढायचा. "वाच. हृदय ठणठणीत हाय." आधी डोळ्यांत थोडी चोरी असायची. नंतर ती दिसेनाशी झाली. माणूस स्वतःलाच इतकं फसवू शकतो? मी समोर बसून पाहिलं आहे.

एके दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दादा पहिली पाळी करून आतल्या खोलीत झोपलेला. वहिनी बाहेर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आतून घोरणं येत होतं. ते थांबलं. वहिनीचा हातही थांबला, शेंग बोटांत तशीच. आतून काही नाही. बराच वेळ काही नाही. मग एक मोठा आचका, आणि घोरणं सुरू. वहिनीने शेंग फोडली. असं परत झालं, आणि परत. तिला त्याचं काही वाटतही नव्हतं; तिचा हात आपोआप थांबत होता.

मग मान वर न करता ती म्हणाली, "भावजी, पाय सुजायलेत ह्यांचं. मी म्हंते, दुसऱ्या दवाखान्यात परत एकदा इको करावा का? माझं न्हाई ऐकत. तुमी म्हनला तर ऐकतील."

दुसरा इको झाला असता तर पहिला उघडा पडला असता.

मी म्हणालो, "गरज नाही, वहिनी. मी स्वतः पाहिलाय रिपोर्ट. चांगला आहे."

"मंग बरं," ती म्हणाली. आणि खरंच तिचा चेहरा सैल झाला.

हे ते. याच्याभोवती मी इतका वेळ फिरत होतो.

पुढचं थोडक्यात. वर्षही झालं नव्हतं, दादाला बसवूनच रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं. आडवं पडलं की गुदमरायचा. या वेळी टेबलावर तो स्वतः झोपला. हृदयाची उजवी बाजू फुगलेली, फुप्फुसांतला दाब वाढलेला, पंपाची ताकद कमी. नवे डॉक्टर दोन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी धरून उभे राहिले. इतक्या थोड्या काळात एवढं बिघडत नाही, म्हणाले — दुसरं काहीतरी असणार. मग त्या दुसऱ्या काहीतरीचा शोध सुरू झाला. सुया, नळ्या, स्कॅन. काही सापडलं नाही. सापडणार कसं?

वहिनी त्यांना सांगत होती, "पयला रिपोर्ट आमच्या भावजींनी बघितला हुता. ते पेपरात हायेत." दादाने पलंगावरून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मी दाराशी उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली — आदराने. मी पण हलवली.

दादा आता घरी असतो. उशांना टेकून बसून झोपतो, मास्क लावून. वहिनी देहूरोडला एका खानावळीत पोळ्या लाटते. दादाला वाटतं, चूक आम्हा दोघांची. वहिनीला वाटतं, चूक नशिबाची. त्या दुपारी तिने काय विचारलं होतं, हे दादाला माहीत नाही. त्या टेबलावर कोण झोपलं होतं, हे तिला माहीत नाही.

डॉक्टरांना आता सगळं सांगितलं आहे, असं एक वाक्य मी इथे लिहिलं होतं. खरं नव्हतं म्हणून खोडलं.

तपासणीला मीच घेऊन जातो. दादाला चालताना आधार लागतो, तो वहिनी देते. फाइल माझ्याकडे असते. डॉक्टर दर वेळी पहिलं पान उघडतात, नव्या आकड्यांशी ताडून बघतात आणि त्यावरून औषध ठरवतात. त्या पानावर दादाचं नाव आहे. हृदय माझं आहे.